'योग्य उमेदवार आढळला नाही', हा निकाल कोणाचा?

समाजातला तरुण पीएच.डी. झाला की वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. दोन वर्षांनी तोच डॉक्टर तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत धावत असतो. विद्यापीठाची जाहिरात निघते, तो अर्ज करतो, मुलाखत देतो. आणि राखीव जागेपुढे शेरा पडतो: 'योग्य उमेदवार आढळला नाही.'

आम्ही विचारतो, छाननीत लायक ठरलेला उमेदवार मुलाखतीच्या दालनात नालायक कसा ठरतो? उत्तर नियमातच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकासाठी पदव्या, नेट, शोधनिबंध यांचे गुण केवळ मुलाखतीला बोलावण्यापुरते ठेवले. निवड मात्र फक्त मुलाखतीवर! म्हणजे आयुष्यभराची मेहनत दाराबाहेर आणि समितीची मर्जी आत.

1918 साली बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांना विटाळ झाला होता. आता भांडे वेगळे ठेवत नाहीत, शेरा लिहितात.

बांधवांनो, लढल्याशिवाय काही मिळत नाही, हे आपण पाहिले आहे. मार्च 2018 मध्ये आयोगाने विद्यापीठाऐवजी विभाग हा आरक्षणाचा घटक ठरवला. तेरा बिंदूंच्या त्या नामावलीत अनुसूचित जातीचा क्रम सातव्या पदावर, जमातीचा चौदाव्या. सहा पदांच्या विभागात आपला एकही माणूस नाही! देशभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे 2019 मध्ये केंद्रीय संस्थांसाठी कायदा होऊन संपूर्ण संस्था हा घटक झाला. जागा वाचली. आता त्या जागेवर माणूस बसवायचा आहे.

म्हणून आमच्या डॉक्टर तरुणांना सांगणे आहे की, अर्ज करण्यापूर्वी बिंदुनामावली तपासा. अर्जदारांत आपल्या प्रवर्गाचा उमेदवार असेल आणि समितीत त्या प्रवर्गाचा कोणीच नसेल, तर तसा शिक्षणतज्ज्ञ नेमण्याची तरतूद त्याच विनियमांत आहे. तिची लेखी आठवण करून द्या. निकालानंतर माहिती अधिकारात आपले गुण आणि समितीचे इतिवृत्त मागा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.

एकट्याने मागितले तर 'हा भांडखोर' म्हणून नाव टिपून ठेवतील. दहा जणांनी, संघटनेच्या शिक्क्यासह मागितले तर शेरा लिहिणारा हात थबकेल. 'शिका' हा आदेश आमच्या मुलांनी डॉक्टरेटपर्यंत पाळला. 'संघटित व्हा' हा पाळण्याची जबाबदारी आता पेढे खाणाऱ्या आपल्या सर्वांची आहे.