घरासाठीं रंगीत लेसर प्रिंटर



तीन वर्षांपूर्वीं मीं घरीं एक रंगीत लेसर प्रिंटर आणला. सेवानिवृत्तीनंतर शेजारपाजारचीं आठ-दहा मुलें सायंकाळीं माझ्याकडे भूगोल शिकावयास येतात. त्यांच्या हातीं रंगीत नकाशे द्यावेत, एवढाच हेतु होता. दुकानांत मीं एकच प्रश्न विचारला, 'यंत्राला किंमत काय पडेल?' हा प्रश्न अपुरा होता, हें मला चार महिन्यांनीं कळून चुकलें. पुरा प्रश्न कोणता, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम हें यंत्र चालतें कसें, तें पाहूं. याचें मूळ १९३८ सालचें. त्या वर्षीं २२ ऑक्टोबर रोजीं न्यूयॉर्क शहराच्या ॲस्टोरिया भागांत चेस्टर कार्लसन या गृहस्थांनीं शाईवांचून, केवळ विद्युद्भार व कोरडी भुकटी यांच्या साह्यानें कागदावर अक्षरें उमटविलीं. पुढें १९७१ च्या सुमारास झेरॉक्स कंपनींतील गॅरी स्टार्कवेदर यांनीं या रीतीस लेसर किरणाची जोड दिली. यंत्रांत ड्रम नांवाचा एक गुळगुळीत दंडगोल असतो व त्यावर विद्युद्भार दिलेला असतो. लेसर किरण जेथें पडेल तेथील भार नाहींसा होतो आणि नेमक्या त्याच ठिकाणीं टोनर नांवाची भुकटी चिकटते. ती कागदावर उतरते व तापलेल्या रुळांमधून जातांना वितळून कागदाशीं एकजीव होते. रंगीत यंत्रांत निळी, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार भुकट्या चार कार्ट्रिजांत असतात; त्यांचे सूक्ष्म ठिपके शेजारीं-शेजारीं व एकावर एक पडून बाकीचे रंग भासतात.

या रचनेंतच यंत्राचे गुण व दोष आहेत. शाईचा प्रिंटर महिना-दोन महिने पडून राहिला तर शाई वाळून त्याचीं छिद्रें बुजतात. भुकटीला वाळणें माहीतच नाहीं. अक्षर रेखीव उमटतें व पाण्याच्या थेंबानें फुटत नाहीं. परंतु नातवंडांच्या छायाचित्रांची नाजूक छटा पाहिजे असेल, तर चांगल्या कागदावर शाईच सरस ठरते.

आतां मूळ प्रश्न. 'एका पानास किती पडतें?' असें विचारावें. उदाहरणादाखल धरा, प्रत्येक कार्ट्रिजची किंमत ६,००० रुपये व त्यांत १,२०० पानें होतात. म्हणजे एका रंगास पानामागें ५ रुपये. चारी रंग लागले तर २०. चार कार्ट्रिजांचे मिळून २४,००० रुपये झाले, आणि तेवढ्यांत कित्येकदां नवें यंत्रच येतें! शिवाय नव्या यंत्राबरोबर येणारीं कार्ट्रिजें बहुधा पुरतीं भरलेलीं नसतात. वेष्टनावरचा पानांचा आंकडाहि नीट समजून घ्यावा. प्रत्येक रंग पानाचा सुमारें शेंकडा ५ भागच व्यापील, अशा हिशेबानें तो काढलेला असतो. माझ्या नकाशांत तर अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर कांठोकांठ निळे भरलेले! निळें कार्ट्रिज पाहतां पाहतां रितें झालें. आणखी एक अडचण अशी कीं, कांहीं यंत्रें एक रंग संपतांच काळें अक्षरहि उमटवीत नाहींत. माझें त्यांतलेंच निघालें. मुलांची परीक्षा तोंडावर आलेली, प्रश्नपत्रिका छापतां येईना, आणि निवृत्तिवेतन यावयास अकरा दिवस अवकाश. त्या प्रश्नपत्रिका मीं हातानें लिहून काढल्या.

खरेदीपूर्वीं आणखी चार गोष्टी पाहाव्यात. रूळ तापवावयास वीज पुष्कळ लागते. म्हणून यंत्र लहान इन्व्हर्टरला न जोडतां भिंतींतील प्लगलाच जोडावें. रंगीत यंत्राचें वजन पंधरा-वीस किलोंच्या घरांत किंवा त्याहूनहि अधिक असतें. मेज तसें भक्कम हवें आणि खोलींत वारा खेळता हवा. पावसाळ्यांत उघडा कागद ओल धरतो व यंत्रांत अडकतो. तो घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावा. शाईच्या प्रिंटरचा चकचकीत कागद यांत मुळींच घालूं नये. त्याचा लेप रुळांवर वितळून बसण्याचा संभव असतो.

सारांश, ज्या घरीं महिन्यास दहा-पांचच रंगीत पानें लागतात, त्यांनीं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी चढावी. ज्यांना केवळ अक्षरें पुष्कळ छापावयाचीं, त्यांनीं एकरंगी लेसर घ्यावा. ज्यांचें काम नित्याचें व खरोखरच रंगाचें आहे, त्यांनींच रंगीत यंत्राच्या वाटेस जावें, आणि तेंहि वर्षाचीं पानें मोजून, कार्ट्रिजांचा भाव आधीं लिहून घेऊन.

माझें यंत्र आजहि चालू आहे. हल्लीं मी किनाऱ्याची एक बारीक निळी रेघ तेवढी छापतों; समुद्र मुलें आपल्या रंगीत पेन्सिलींनीं भरतात. खर्च उतरला तो उतरलाच. शिवाय खंबायतचें आखात कोठें आहे, हें आतां त्यांतल्या एकालाहि विचारावें लागत नाहीं.