पिल्लाचा पहिला मुक्काम

कुत्र्याचे पिल्लू घरी आले की पशुवैद्य बहुधा पहिला सल्ला देतात तो त्याला बाहेर न नेण्याचा. लसींचा क्रम पुरा होईपर्यंत, म्हणजे साधारणपणे चार महिन्यांचे होईपर्यंत, त्याला घरातच ठेवावे असे ते सांगतात. उलट प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक सांगतात की, पिल्लाला जगाची ओळख करून द्यावयाची असेल तर ती तीन महिन्यांच्या आतच करून दिली पाहिजे. दोन्ही सल्ले खरे आहेत आणि ते एकमेकांच्या आड येतात. पिल्लाला प्रथमच डोंगरात, माळावर किंवा नदीकाठच्या तंबूत नेऊ पाहणाऱ्यास या पेचातूनच वाट काढावी लागते.

वर्तनशास्त्रज्ञांच्या म्हणण्यामागे भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास झाला. तेथील एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॉकर स्पॅनियल आणि बीगल या जातींची पिल्ले उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात, माणसाचे दर्शनही होणार नाही अशा रीतीने वाढविण्यात आली. ठरावीक वयाच्या काही पिल्लांना एकेक आठवडा बाहेर काढून माणसांच्या सहवासात ठेवले आणि पुन्हा आवारात सोडले. ज्या पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत हा सहवास मुळीच लाभला नाही, ती पुढे रानटी जनावरासारखी माणसापासून दूर पळू लागली. त्यांचे भय नंतर घालविता आले नाही. याच प्रयोगशाळेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा संवेदनशील काळ सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा मानला आहे. या काळात पिल्लाला जे दिसते, ऐकू येते, ज्याचा वास येतो, ते त्याच्या लेखी जगाचा स्वाभाविक भाग ठरते. पुढे नव्याने भेटणाऱ्या गोष्टीविषयी प्रथम संशय वाटतो.

हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळांना हे कोणी शिकवावे लागले नाही. हिवाळ्यात कांगड्याच्या पायथ्याशी आणि उन्हाळ्यात धौलाधार ओलांडून उंच कुरणांत जाणाऱ्या या लोकांचे कुत्रे कळपातच वाढतात. मेंढ्यांचा वास, शेकोटीचा धूर, पाऊस आणि रात्रीची निर्जनता यांच्याशी त्यांचा परिचय डोळे उघडल्यापासूनच होतो. त्यांच्या बाबतीत ‘पहिला मुक्काम’ असा काही नसतोच. प्रश्न उभा राहतो तो शहरातील सदनिकेत, फरशीवर वाढणाऱ्या पिल्लाचा.

आता पशुवैद्यांची बाजू. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडे मिळतात आणि काही आठवडे तीच त्याचे रक्षण करतात. परंतु रोगजंतूंना अडविणारी ही प्रतिपिंडे लसीलाही निष्प्रभ करतात. ती केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत वेगळे असते. कोणाची सहाव्या आठवड्यात, तर कोणाची सोळाव्याच्या सुमारास. म्हणून लस एकदाच टोचून भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून आरंभ करून दर दोन ते चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवडे पुरे होईपर्यंत, ती पुन्हा द्यावी लागते. मधल्या काळात असे काही दिवस येतात की आईचे संरक्षण संपलेले असते आणि लसीचे सुरू झालेले नसते. पार्व्हो विषाणू नेमका येथे घाला घालतो. १९७८ साली प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू अल्पावधीतच जगभर पसरला. रक्तमिश्रित जुलाब आणि उलट्या यांनी पिल्लू काही दिवसांत दगावू शकते. रोगी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत पडलेला हा विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. गावोगाव मोकळी कुत्री फिरत असलेल्या भारतासारख्या देशात कोणती जमीन स्वच्छ आहे हे नजरेने सांगता येत नाही.

वाट आहे ती ओळख आणि जमीन यांची फारकत करण्यात. पिल्लाने जग पाहावे, पण त्यावर पाय ठेवू नये. आठव्या आठवड्यापासून त्याला कडेवर किंवा टोपलीत घेऊन दररोज दहा-पंधरा मिनिटे बाहेर न्यावे. रस्ता, गाई-म्हशी, सायकली, छत्री उघडणारा माणूस, काठी टेकीत चालणारे आजोबा, सारे काही त्याला दुरून, सुखरूप जागेवरून पाहू द्यावे. ज्यांच्याकडील कुत्र्यांना सर्व लसी टोचलेल्या आहेत अशा परिचितांच्या अंगणात त्याला खेळू देण्यास हरकत नाही. घाबरून अंग चोरू लागले तर तेथून थोडे मागे यावे. ओढून पुढे नेऊ नये. या वयातील भयाचा एकच कडवा अनुभव पुष्कळ दिवस टिकतो.

तंबूची तालीमही घरीच होते. दिवाणखान्यात किंवा गच्चीवर तंबू उभारून त्यात पिल्लाचे नेहमीचे अंथरूण टाकावे आणि एक-दोन जेवणे तेथेच द्यावीत. कापडाची फडफड, चेन ओढल्याचा आवाज, कंदिलाने हलणाऱ्या सावल्या यांत त्याला काही विशेष वाटेनासे झाले की एखादी रात्र त्याच्यासह तेथे झोपावे. अंथरूण धुऊन नेण्याचा मोह मात्र टाळावा. परक्या ठिकाणी पिल्लाला धीर देणारी गोष्ट म्हणजे त्याचा स्वतःचा वास. मोटारीचा सरावही आधी व्हावा. लहान पिल्लांना गाडी बहुधा लागते, म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन तास पोट भरून खायला देऊ नये.

प्रत्यक्ष मुक्काम शेवटच्या लसीनंतर एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे साडेचार महिन्यांच्या सुमारास करावा. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात टोचतात आणि तिचा प्रभाव निर्माण होण्यास तीन-चार आठवडे लागतात, हेही तोवर साधते. पावसाळ्यात जाणे टाळलेलेच बरे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो कुत्र्याप्रमाणे माणसालाही होतो. त्याची लस स्वतंत्रपणे दोन वेळा घ्यावी लागते.

स्थळाची निवड हा सर्वांत नाजूक भाग होय. जिम कॉर्बेट यांच्या १९४४ सालच्या पुस्तकातील रॉबिन नावाच्या स्पॅनियलची कथा वाचलेल्यांना पिल्लू आणि अरण्य यांची जोडी रम्य वाटते. परंतु राष्ट्रीय उद्याने व व्याघ्रप्रकल्प यांत पाळीव कुत्री नेता येत नाहीत आणि त्याचे कारण केवळ कायद्यातील नाही. २०१८ साली गुजरातमधील गीरच्या अरण्यात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मरण पावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू आढळला. हा मूळचा कुत्र्यांचा रोग आहे. १९९४ साली टांझानियातील सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह बळी पडले होते.

धोका उलट्या दिशेनेही असतो. महाराष्ट्रातील अकोले तालुक्याच्या शेतीच्या मुलखात बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात ते याच शत्रूसाठी. बिबट्याला अरण्यच लागते असे नाही. उसाचे शेतही पुरते. तेव्हा परिचिताचे शेत, कुंपण असलेली बाग किंवा वस्तीजवळची मुक्कामाची जागा पहिल्या वेळी पुरेशी समजावी. दिवस मावळल्यावर पिल्लाला तंबूबाहेर बांधून ठेवू नये; ते तंबूत, माणसांच्या मध्येच झोपले पाहिजे. रात्री त्याला लघवीसाठी न्यावेच लागते. तेव्हा विजेरी आणि पट्टा दोन्ही हाती असावे.

दिवसाचा मोठा शत्रू ऊन. कुत्र्याला घाम येतो तो केवळ तळपायांना; बाकी सारी उष्णता त्याला धापा टाकून बाहेर टाकावी लागते. पग किंवा बुलडॉग यांसारख्या आखूड नाकाच्या जातींना तेही धड साधत नाही. हाताची पालथी बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्या जमिनीवर पिल्लाला चालवू नये. जीभ गडद लाल होऊन तोल जाऊ लागला तर सावलीत नेऊन साध्या पाण्याने अंग भिजवावे, वारा घालावा आणि पशुवैद्याकडे निघावे. लांब पदभ्रमणाचा विचार मात्र अजून मनातही आणू नये. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा जवळजवळ वर्षभर, मोठ्या जातींत त्याहूनही अधिक काळ, कोवळ्या असतात. शिवाय पिल्लू थकल्याचे सांगत नाही. ते मालकामागे पडेपर्यंत धावत राहते.

पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. हिमालयाच्या पायथ्याच्या ओढ्यांत एक प्रकारची जळू असते; पाणी पिणाऱ्या जनावराच्या नाकात ती अगदी लहान असताना शिरते आणि तेथेच रक्त पीत आठवडेच्या आठवडे वाढते. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे व शिंका ही तिची खूण. अन्नही नेहमीचेच असावे. शिजविलेल्या कोंबडीची हाडे, कांदा, मनुका आणि चॉकलेट हे मुक्कामावर हमखास सांडणारे पदार्थ पिल्लाला घातक आहेत. बेडकाच्या मागे लागून त्याला तोंडात धरल्यास फेस येऊ लागतो. अशा वेळी पाण्याने तोंड बाहेरच्या बाजूस धुवावे.

परत येताच कान, काखा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचे मूळ बोटांनी चाचपून गोचीड शोधावेत. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. तेल किंवा रॉकेल लावणे, काडीने चटका देणे या जुन्या उपायांनी तो दचकून आपली लाळ जखमेत अधिकच ओकतो. गोचिडातून येणारे ताप लगेच दिसत नाहीत. पुढील तीन-चार आठवड्यांत पिल्लू मलूल झाले, खाईनासे झाले, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद होऊ लागली, तर पशुवैद्याला लक्षणांबरोबरच मुक्काम कोठे व केव्हा केला होता हेही सांगावे.