प्रक्रियायुक्त फळे व भाजीपाला यांच्या वेष्टनातील बदलते प्रवाह : आंबारसाच्या विशेष संदर्भात

फळे व भाजीपाला नाशवंत असल्याने प्रक्रियेइतकेच वेष्टनालाही महत्त्व आहे. वेष्टन म्हणजे केवळ आकर्षक आवरण, हा समज अपुरा होय. फ्रान्समधील निकोला आपेर यांनी काचेच्या बरण्यांत अन्न टिकविण्याची पद्धत १८१० मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांना पत्र्याच्या डब्याचे पेटंट मिळाले. कोकणातील आंबाप्रक्रिया उद्योग दीर्घकाळ याच डब्यावर उभा राहिला.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत लहान, डागाळलेला किंवा पेटीत न बसणारा हापूस ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणून किलोच्या भावाने कारखान्यात जातो. आंबारसाचा सामू ४.६ हून कमी असल्याने त्यात बोट्युलिनम हा घातक जिवाणू वाढू शकत नाही. त्यामुळे डबा उकळत्या पाण्यात तापविणे पुरेसे ठरते. मटार, मका यांसारख्या कमी आम्लतेच्या पदार्थांना मात्र दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान द्यावे लागते.

डब्याचा खरा दोष वेगळाच आहे. रस दाट असल्याने उष्णता कडेकडून मध्याकडे सावकाश पोहोचते. ३.१ किलोच्या डब्यातील मध्यभाग पुरेसा तापेपर्यंत कडेचा रस गरजेपेक्षा अधिक तापतो. रंग मंदावतो आणि ज्या गंधासाठी हापूसला पैसे मोजले जातात, तोच उणावतो. असेप्टिक पद्धतीत क्रम उलटा असतो. रस प्रथम नळ्यांतून वाहता ठेवून अल्पकाळ तापविला जातो, लगेच थंड केला जातो व मगच निर्जंतुक पिशवीत भरला जातो. पिंपातील अशा एका पिशवीत २०० किलोंहून अधिक रस मावतो. किरकोळ ग्राहकाला या तंत्राची ओळख १९८५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फ्रुटी’च्या खोक्याने झाली.

तथापि या यंत्रसामग्रीस मोठे भांडवल लागते. हंगाम काही आठवड्यांचा. उरलेले वर्ष यंत्र रिकामे ठेवणे लहान कारखानदारास परवडत नाही. तो डब्यावरच राहतो व घाऊक मागणीत मागे पडतो. असे कारखाने घटले तर खरेदीदार कमी होऊन बागायतदाराची भाव ठरविण्याची ताकदही घटते. वेष्टनाची चर्चा होताना ही बाजू सहसा दुर्लक्षित राहते.

सुकविलेला कांदा, वेफर्स यांसाठी बहुस्तरीय पाकिटे रूढ झाली आहेत. ॲल्युमिनियमचा थर बाष्प, प्रकाश व प्राणवायू रोखतो; पण एकजीव झालेले थर सुटे करणे अवघड असल्याने पाकिटाचा पुनर्वापर होणे कठीण. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी व २०२२ मधील दुरुस्तीने ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पत्र्याचा डबा, इतर बाबतींत मागे असला तरी, भंगारात सहज विकला जातो. कोकम आगळाला मात्र साधा पत्रा उपयोगाचा नाही; आम्ल व मीठ दोन्ही असल्याने धातू गंजतो, म्हणून आगळ बाटलीतच भरला जातो.