मागे राहिलेले पिलू

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली म्हणजे सुमारे २१ व्या दिवशी पिले बाहेर पडू लागतात. पण सगळीच एका वेळी निघत नाहीत. येथे निसर्गाची योजना पाहण्यासारखी आहे. कवच फोडण्यापूर्वी अंड्यातील उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटात ओढला जातो. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून राहू शकते. म्हणून आधी निघालेली पिले आईच्या पंखांखाली मागच्यांची वाट पाहू शकतात. परंतु कोंबडी फार काळ थांबत नाही. ती पिलांना घेऊन चरावयास निघते आणि उशिरा निघालेले अशक्त पिलू मागे राहते. त्याला वाचवावयाचे असेल, तर आईचे काम माणसाला करावे लागते.

कवचाला छिद्र पाडल्यावर पिलू कित्येक तास स्वस्थ पडून असते. ते अडकले आहे असे समजून कवच सोलू नये. त्या वेळी आतल्या पातळ पडद्यातील रक्त त्याच्या शरीरात परतत असते. घाई केली, तर रक्तस्राव होऊन पिलू दगावते.

बाहेर आलेल्या ओल्या पिलाला भुकेपेक्षा थंडीचे भय अधिक. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. टोपलीत खरखरीत कापड अंथरून एका बाजूस तापणारा विजेचा दिवा टांगावा. (हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब पुरेशी देत नाहीत.) गुळगुळीत कागदावर पिलाचे पाय फाकतात, म्हणून तो अंथरू नये. ऊब बेताची आहे की नाही, हे पिलूच सांगते. गारठले तर दिव्याखाली अंग आखडून ओरडते; उकडले तर दूर सरकून चोच उघडी टाकते.

मग पाणी. कोमट पाण्यात चोचीचे टोक क्षणभर बुडवावे. पिलू मान वर करून घोट गिळते. तोंडात पाणी ओतणे मात्र जिवावर बेतते, कारण ते श्वासनळीत शिरते. भांडे उथळ असावे व त्यात खडे ठेवावेत, म्हणजे पिलू बुडणार नाही.

चोच मारणे पिलाला उपजतच येते; कशावर मारावी, हे मात्र आई शिकविते. ती दाणा उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते आणि सारखी टुकटुक आवाज करते. आपणही तेच करावे. तांदळाच्या बारीक कण्या आणि उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक पसरून त्यांत बोटाच्या टोकाने टकटक करावे. अंड्याचे नाव ऐकून हसू येईल. पण कवचात असताना पिलू बलकावरच तर पोसले गेले! थोड्या वेळाने ते बोटाजवळ येऊन टोचू लागते. जवळ एखादे चपळ पिलू ठेवले, तर त्याच्यासारखा दुसरा शिक्षक नाही. दोन-तीन दिवसांनी पिलांसाठी मिळणारे तयार खाद्य द्यावे. नुसत्या कण्यांनी बळ भरत नाही. पिलाला हाताळल्यावर दर वेळी हात साबणाने धुवावेत.

पिलू धडपणे चालू-खाऊ लागले, की रात्री अंधारात हळूच कोंबडीच्या पंखाखाली सरकवावे. दिवसा नेल्यास ती कित्येकदा त्याला परके समजून टोचते.