आतड्याचा दाह आणि डोळ्याची नस

पोटाच्या डॉक्टरांना डोळ्याचे दुखणे सांगावे, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. डोळ्याच्या डॉक्टरांपुढे बसून शौचातून रक्त जाते हे सांगणे तर संकोचाचेच. पण क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाला हा संकोच महागात पडू शकतो.

या दोन्ही विकारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. सांधे, त्वचा आणि डोळेही त्यात सापडतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन यांनी १९३२ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार मांडला. त्याआधी, १९२५ मध्येच, त्यांनी कोलायटिसच्या रुग्णांमधील नेत्रविकारांची नोंद केली होती.

बहुतेकदा हा दाह डोळ्याच्या बाहेरच्या किंवा मधल्या थरात असतो. डोळा लाल होतो, त्यामुळे लक्ष जाते. दृष्टिचेतेचा दाह विरळा आणि फसवा. सुमारे दहा लाख तंतूंची ही नस डोळ्यामागे असते, म्हणून आरशात डोळा स्वच्छच दिसतो. तंतूंवरचे मायलिनचे आवरण दाहाने झिजले की मेंदूकडे जाणारे संदेश अडखळतात. काही तासांत किंवा दिवसांत एका डोळ्याला धूसर दिसू लागते, डोळा फिरवताना दुखते, लाल रंग विटका भासतो.

कारण मात्र दर वेळी मूळ आजारच असेल असे नाही. आतड्याचा दाह शमवणारी इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिम्युमॅब ही औषधे क्वचित मायलिनलाच इजा करतात. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात, की अनेकदा आधी क्षयाची औषधे दिली जातात. त्यांतले इथॅम्ब्युटॉल दृष्टिचेतेला बाधू शकते. तेव्हा बहुधा दोन्ही डोळ्यांची दृष्टी हळूहळू आणि न दुखता मंदावते. लहान आतड्याचा शेवटचा भाग आजारी असेल किंवा काढला असेल, तर बी-१२ शोषले जात नाही. त्या कमतरतेनेही हीच नस दुबळी होते.

उपचार कारणाप्रमाणे बदलतो. दाहाला शिरेतून स्टिरॉइड, कमतरतेला बी-१२ची इंजेक्शने आणि औषधाचा दोष असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते तातडीने बंद. म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे जाताना पोटाच्या आजाराची फाइल आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. दृष्टी अचानक मंदावली तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.