नकाशावर सिग्नल नोंदवताना

जर्मनीत राहायला आल्यापासून मी सुट्टीच्या दिवशी रेल्वेचे सिग्नल नकाशावर नोंदवते. २००४ साली सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा कुणालाही भरता येतो. त्यातली रेल्वेची माहिती 'ओपनरेल्वेमॅप' वेगळी काढून दाखवतो.

सिग्नल रुळाच्या रेषेवरच बिंदू म्हणून बसवायचा. मग तपशील भरायचे: मुख्य सिग्नल की पूर्वसूचनेचा, दिव्यांचा की जुना हाताचा, रुळाच्या उजवीकडे की डावीकडे, खांबावरच्या पाटीवर काय लिहिलंय. इथल्या 'केएस' प्रकारच्या सिग्नलचा लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा, पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीत राहा. हे संकेत देशागणिक बदलतात, म्हणून जर्मन नोंदीआधी 'डीई-ईएसओ' लावतात.

सर्वांत जपायची ती दिशा. रेषा ज्या दिशेने काढली, त्याच दिशेच्या गाडीसाठी सिग्नल असेल तर 'फॉरवर्ड', उलट दिशेच्या गाडीसाठी 'बॅकवर्ड'. पुढे कुणी रेषा उलटवली, तर ही नोंदही तपासावीच लागते.

या नकाशाच्या आधारे गाड्या चालवत नाहीत. पण रेल्वे कशी चालते हे समजून घ्यायला तो सर्वांना खुला आहे. तुम्हीही नोंदी करा. फलाटावरून दिसेल तेवढंच टिपा; रुळांत मात्र कधीही उतरू नका.