खिशातला रिमोट

आई-बाबा पुण्याहून आले की बेडोकच्या आमच्या घरात रात्री लॅपटॉप टीव्हीला जोडून मराठी नाटक लागतं. बाबांचे गुडघे दुखतात. आवाज कमी-जास्त करायला दर वेळी उठणं त्यांच्या जिवावर येतं. तुमच्याकडेही असंच असेल, तर फोनलाच रिमोट करा.

व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये 'वेब' इंटरफेस सुरू करून पासवर्ड ठेवा. फोन त्याच वायफायवर जोडा आणि ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता लिहून पुढे :८०८० टाका.

यात होतं काय? तुम्ही बटण दाबलंत की फोनचा संदेश राउटरमार्गे लॅपटॉपकडे जातो आणि व्हीएलसीमधला छोटा सर्व्हर तो हुकूम पाळतो. रेडिओलहरी ३ मीटर अंतर सुमारे १० नॅनोसेकंदांत कापतात. जाणवलाच तर उशीर राउटरचा आणि सॉफ्टवेअरचा.

एक मात्र सांभाळा. टीव्हीच्या रिमोटचा अवरक्त प्रकाश भिंतीशी अडतो, वायफाय शेजाऱ्यांपर्यंत पोचतं. शिवाय व्हीएलसीचा हा पासवर्ड एन्क्रिप्ट न होताच जातो. म्हणून घरच्या वायफायलाही पक्का पासवर्ड हवा. कॅफेत हा प्रयोग नको.

बाबा आता खुर्चीतूनच आवाज कमी करतात. आई तिच्या फोनवरून लगेच वाढवते.